सुईचं दुसरं टोक

मार्च लागला की माझ्या खिडकीच्या काचेवर कुणीतरी टिचकी मारतं. एकदा. मग जरा थांबून पुन्हा एकदा. सकाळी नऊच्या सुमाराला, चहाची भांडी विसळून मी पेपर उघडते तेव्हा. सून म्हणते, शिंजीर पाखरू आहे, काचेत स्वतःलाच बघून भांडतोय. मुलगा म्हणतो, आई, एकदा कान दाखवून येऊ. मी दोघांनाही व्हय म्हणते. या वयात व्हय म्हणायला काही पडत नाही, आणि पेपर तरी निवांत वाचता येतो. पण शिंजीर काच टोचतो. ही टिचकी हळू असते, नखाच्या पाठीनं मारल्यासारखी. काचेखालची सुई अडकली असेल तर सुटावी, एवढ्याच जोराची.

अशी टिचकी मी आयुष्यात एकाच माणसाची ऐकली. तिचं नाव विमल.

आमच्याकडं बेळगावात मार्चला दोन वास असतात. बेळगुंदीच्या अंगानं काजूच्या मोहोराचा आंबूस-गोड वास येतो, आणि निपाणीची बस स्टँडात शिरली की उतरणाऱ्या माणसांच्या कपड्यांतनं तंबाखूचा. मी पहिल्या वासातली, विमल दुसऱ्यातली. आणि दोन्ही वासांच्या मधोमध परीक्षा. आजही गच्चीवर ओठ हलवत येरझाऱ्या घालणारी पोरं दिसली की मी घड्याळ बघते. माझी परीक्षा होऊन पंचेचाळीस वर्षं उलटून गेली. पण एक प्रॅक्टिकल अजून चालूच आहे.

एकोणऐंशी साल. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. त्या वेळची मी कशी होते ते सांगायला मला फार आवडतं, कारण तिची बाजू घ्यायला आता कुणी उरलेलं नाही. बेळगुंदीच्या खात्यापित्या घरची शकू. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, म्हणजे वेळ बघायला हात वळवावा लागावा आणि चार लोकांना घड्याळ दिसावं. पुस्तकं छातीशी धरायची, त्यातलं सगळ्यात जाड बाहेरच्या बाजूला. शेजारच्या काकीनं एकदा विचारलं, "काय शिकतीस गं शकू सध्या?" शकूनं मान तिरकी करून सांगितलं, "इलेक्ट्रोमॅग्नेटिझम." काकी म्हणाली, "बरं हाय बाई. उशीच्या अभ्र्यावर काड की एक." तरी त्या शहाणीच्या डोक्यात उजेड पडला नाही. वर्षभर ती तशीच मिरवत राहिली.

विमल निपाणीची, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि घरी आई, आजी, दोघी बहिणी मिळून विड्या वळायच्या. विमल बेळगावात हॉस्टेलवर राहायची. शनिवारी गावी जायची, रविवारभर विड्या वळायची आणि सोमवारी पहिल्या बसनं थेट वर्गात. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तंबाखूनं पिवळं पडलं होतं. ते ती कधी लपवायची नाही. मी तिच्या जागी असते तर हातमोजे घातले असते, आणि लोकांना सांगितलं असतं की इलेक्ट्रोमॅग्नेटिझमला लागतात.

लॅबमध्ये आम्हा दोघींची टेबलं शेजारी. आणि दोघींचा सगळ्यात आवडता, म्हणजे तिचा आवडता आणि माझा नावडता प्रयोग होता मॅग्नेटोमीटरचा. नाव मोठं, वस्तू साधी. लांब लाकडी पट्टी, तिच्या मधोमध एक गोल डबी. डबीत टोकावर तोललेली चुंबकाची बारकी सुई, सुईला आडवा जोडलेला लांब काटा, खाली अंशांची तबकडी आणि वरून काच. पट्टीवर ठरावीक अंतरावर चुंबक ठेवायचा, काटा किती वळला ते वाचायचं, आणि त्यावरनं पृथ्वीचं चुंबकत्व किती ते काढायचं. चुंबक आधी पूर्वेला ठेवायचा, मग पश्चिमेला. वाचायच्या आधी काचेला हळूच टिचकी मारायची, कारण सुई कधीकधी टोकावर अडकते आणि खोट्या जागी उभी राहते. आणि काट्याची दोन्ही टोकं वाचायची. काटा बरोबर मधोमध बसलेला नसला तर एक टोक फसवतं. दोन्ही वाचली म्हणजे फसवणूक फिटते.

विमल वाचायची ते बघण्यासारखं असायचं. श्वास धरून वाकायची. टिच्. थांबायची. पुन्हा टिच्. मग एक टोक, मग वळसा घालून दुसरं टोक. आणि आमची शकू? तिनं वर्षभर कधी दुसरं टोक वाचलं नाही. पहिल्याला तीस आलं की दुसऱ्याला एकोणतीस, कधी एकतीस, असं मनानंच लिहायची. अगदी तीसच लिहिलं तर सरांना संशय येईल, एवढं डोकं मात्र तिला होतं.

"शके, दुसरं टोक न वाचताच लिवलीस न्हवं?"

"अगं, काटा सरळ हाय. हिकडं तीस म्हंजे तिकडंबी तीसच."

"काटा सरळ हाय गं," विमल म्हणाली. "तू हायस का?"

मी हसले. मला वाटलं, विनोद.

त्याच मार्चात एक यान गुरू ग्रहाजवळून गेलं. सरांनी पेपरातलं कात्रण आणून फळ्याशेजारी टाचलं. काळ्यावर पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा गोळा. सर खुशीत होते. म्हणाले, "आपलं हे लाकडी यंत्र आहे ना, त्याचंच लांबचं भावंड त्या यानावर आहे. पण यानाच्या पोटात लोखंड, तारा, यंत्रं. त्यांचंच चुंबकत्व त्याला लागणार. मग काय केलं? त्याला बारा-तेरा मीटर लांब दांड्याच्या टोकाला बसवलं. दुसऱ्याचं मोजायचं तर आधी आपलं लोखंड लांब ठेवावं लागतं."

विमलनं ते वहीत उतरून घेतलं. मी त्या वेळी तबकडीखालच्या आरशात माझी बट बघत होते. तो आरसा सुई नीट वाचता यावी म्हणून असतो. मी त्याचा वर्षभर असाच उपयोग केला.

विमलनं हात वर केला. "सर, गुरूभवती चुंबकत्व कसं पसरलंय त्याचा फोटू काडता यील का?"

"चुंबकत्व दिसत नसतं, विमल. यान जिथनं जातं तेवढ्याच वाटेवरचं कळतं. सगळ्याचं चित्र नाही मिळत."

बाहेर जिन्यावर आल्यावर ती म्हणाली, "सरास्नी काय ठावं. आमच्या गल्लीत वखारीचं दार बंद असतंय. तरी आत कुठल्या खोलीत पाला झाडाय लागलेत ते आम्ही भायरनं सांगतो. कुठल्या झरोक्यातनं तंबाखूच्या धुळीचा किती खकाणा येतोय, कुठल्या घरची माणसं शिंकाय लागलीत, तेवढ्यावरनं. आत कशाला जायला पायजे?"

तिच्या बोलण्यावर मी काय म्हणाले असेन? "चल, कँटीनला बटाटेवडा संपंल."

परीक्षेच्या आठवड्यात आमच्या आईला कुणीतरी सांगितलं की शकूला साडेसाती लागली आहे. आई त्याच दिवशी लोहाराकडं गेली आणि घोड्याच्या झिजलेल्या नालाची अंगठी घडवून आणली. उजव्या हाताच्या मधल्या बोटात चढवून म्हणाली, "परीक्षा सरंस्तवर काडलीस तर माज्या गळ्याची आण हाय." इलेक्ट्रोमॅग्नेटिझम शिकणारी शकू तोंडानं "काय गं आई" म्हणाली आणि बोट पुढं केलं. खरं सांगू? तिला बरं वाटलं. शनीला स्वतःचं चुंबकत्व आहे की नाही, हे त्या दिवशी जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हतं. त्याच साली पुढं सप्टेंबरात दुसरं एक यान तिथं पोचलं तेव्हा कळलं. आमच्या आईनं शनीचा बंदोबस्त मार्चमध्येच करून टाकला होता.

चिठ्ठी उचलली तर दोघींना मॅग्नेटोमीटरच आला.

आमच्या लॅबचे अटेंडंट बसप्पा मामा. चुंबकाचा प्रयोग असला की ते दारातच लाकडी ट्रे घेऊन उभे राहायचे. "कब्बिण काय असंल ते सगळं हितं टाका बघा. लोखंड आत न्यायचं न्हाय." केसांचे आकडे, सेफ्टी पिना, किल्ल्या, सगळं त्यात पडायचं. वेण्या सुटलेल्या पोरी परीक्षेला बसायच्या. बाहेरून आलेले परीक्षक दचकायचे. त्या दिवशीचा ट्रे मला अजून दिसतो. आकड्यांचा पुंजका, कुणाच्या तरी ट्रंकेची किल्ली, पानाएवढा एक पत्र्याचा तुकडा, वर माझं मिरवायचं घड्याळ. अंगठी मात्र मी टाकली नाही. उजवी मूठ पदराआड घेऊन तशीच आत गेले. आईचा गळा होता मधे.

सगळा प्रयोग मी डाव्या हातानं केला. उजवा पाठीमागं. परीक्षकांना वाटलं असेल, पोरगी भाषणाला उभी राहिली आहे. दुसरं टोक नेहमीसारखं मनानं भरलं, आणि सगळ्यांच्या आधी आटोपलं. माझ्या आणि विमलच्या टेबलांच्या मधे खिडकीचा दगडी कट्टा होता. आवराआवर करून मी त्या कट्ट्यावर हात टेकून उभी राहिले. लवकर संपवलंय, बघा, अशा थाटात.

विमलचं अर्धं राहिलं होतं. टिच्. वाचलं. कपाळाला आठी. टिच्. पुन्हा वाचलं. पूर्वेकडच्या चुंबकानं काटा जेवढा वळत होता, तेवढा पश्चिमेकडच्यानं वळेना. तीन-चार अंशांचा फरक. एवढा यायचा नसतो. तिनं पट्टी तपासली, चुंबक तपासला, पुन्हा टिचकी मारली. तिच्या ओठावर घामाचे थेंब मला दिसत होते. आणि मग माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडं गेलं. कट्ट्यावर, तिच्या बाजूला, बोटात काळी अंगठी.

मी हात झटकन पदराआड घेतला. तोवर घंटा झाली. विमलनं जे दिसलं ते लिहिलं होतं. जुळवून घेतलं नव्हतं. शकूला तेव्हा वाटलं, काय येडी हाय ही, दोन आकडे बदलायला काय जातंय.

बाहेर पडल्यावर जिन्यापाशी विमल थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पत्रा माज्या कमरंला ऱ्हायला गं. विडीचं पान कापायचा फर्मा. सकाळी घाईत तसाच आला. माज्याच लोखंडानं माजी सुई फिरवली बघ."

बोलायची वेळ ती होती. पदराआड मूठ होती, मुठीत अंगठी होती. मी म्हणाले, "असूं दे गं. एका प्रयोगानं काय होतंय?"

झालं ते असं झालं, की मला फर्स्ट क्लास काठावर मिळाला आणि विमलचा काठावर गेला. आम्ही दोघींनी मिळून धारवाडला एम.एस्सी.ला जायचं ठरवलं होतं. मी एकटी गेले.

पुढं मी बेळगावात शिकवायला लागले. एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि चुंबकाच्या प्रयोगाला दारात लाकडी ट्रे घेऊन स्वतः उभी राहिले. आकडे, पिना, अंगठ्या, पोरांच्या पट्ट्यांची बक्कलं. एका पोराला पट्टा काढायला लावला तर त्यानं दोन्ही हातांनी पँट धरून प्रयोग केला. मागं पोरं मला भंगारवाली बाई म्हणायची. मला ठाऊक होतं. नाव अगदी बरोबर होतं. जन्मभर एक लोखंडाचा तुकडा पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

हो, अंगठी माझ्याजवळच होती. टाकवेना, आणि घालवेना. एकदा मार्कंडेय नदीत टाकायला गेले, तर तिथं एक बाई धुणं धूत होती. तिच्यासमोर लाज वाटली म्हणून परत आणली.

शहाऐंशी साली, तंबाखूच्याच हंगामात, कोल्हापूरला लग्नाला निघाले होते. निपाणीच्या स्टँडवर बस थांबली. हवेत खकाणा असा, की अर्धी बस शिंकत होती. मी खिडकीतनं बघितलं तर समोरच्या बाकावर विमल. सुती साडी, काखेत वह्यांचा गठ्ठा. मी उतरले.

"शके! अगं, किती फुगलीस!"

"आणि तू गं?"

"मी बोरगावात मास्तरीण हाय. सायन्स शिकवतो आम्ही!" असं म्हणून तिनं मानेला झटका दिला, हुबेहूब माझ्यासारखा. मग हसली. "पोरींना मी माजी गोष्ट सांगते. म्हणते, बायांनो, प्रयोगाच्या आधी खिसं तपासा. तुमच्या बाईचा फर्स्ट क्लास पत्र्यानं खाल्लाय."

ती हसत होती. पर्समध्ये अंगठी होती. मी चेन उघडली. बोटाला तिचा गार स्पर्शही झाला. म्हणाले, "विमल, त्या दिवशी..."

"ऱ्हाऊं दे गं आता ते," ती पटकन म्हणाली. "चल, बस निघाली बघ तुजी."

खरंच कंडक्टरनं शिट्टी मारली होती. मी त्या शिट्टीचे आजवर इतके आभार मानले आहेत, की त्या माणसाला उचक्या लागल्या असतील. पळत जाऊन बसले. बस हलायच्या आत विमल खिडकीपाशी आली, आणि पिवळ्या नखाच्या पाठीनं काचेवर हळूच मारलं. टिच्. जरा थांबून, टिच्. मी काच सरकवायला गेले. ती अडकली होती. बस निघाली.

दोन वर्षांनी बाजारात बसप्पा मामा भेटले. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "निपाणीची विमलबाई गेली की हो. कावीळ झालती म्हणं." त्यानंतरच्या मार्चपासून खिडकीवर टिचकी वाजायला लागली.

यंदा जुई आली. माझी नात. ती बेंगळूरला अवकाशयानावरची उपकरणं करणाऱ्या गटात नुकतीच शिकाऊ म्हणून लागली आहे. काय करतेस, असं विचारलं तर मान तिरकी करत नाही, एवढ्यावरनंच कळतं की ती माझ्यावर गेलेली नाही. लॅपटॉपवर तिनं एक चित्र दाखवलं. मधे काळा ठिपका, भोवती लालसर पिवळी धग, चुलीतल्या निखाऱ्यासारखी, एका बाजूला जास्त फुललेली.

"हा शनी, आज्जी. आणि ही धग म्हणजे त्याचं चुंबकावरण. एका जुन्या यानानं काढलेला फोटो आहे. आमचा कॅमेरा ह्याच जातीचा."

"चुंबकत्वाचा फोटो निघत नसतो," मी सरांच्या आवाजात म्हणाले.

"चुंबकत्वाचा नाहीच. त्याच्यात अडकलेल्यांचा. बघ, ग्रहाभोवती विद्युतभार असलेले कण अडकून घिरट्या घालत असतात. चुंबकत्व त्यांना सोडत नाही. पण मधेच एखादा कण जवळच्या गरीब, संथ अणूचा इलेक्ट्रॉन उचलतो. उचलला की तो मोकळा झाला. चुंबकत्वाची पकड सुटली, निघाला सरळ रेषेत बाहेर. असे सुटलेले आमच्या कॅमेऱ्यात येऊन पडतात. उजेडाचा एक किरणसुद्धा लागत नाही. कुठल्या दिशेनं किती आले ते तासन्‌तास मोजत बसायचं, की आतल्या सगळ्याचं चित्र हळूहळू उमटतं. आत जायलाच लागत नाही."

मी चष्मा काढला. पुसायचं निमित्त केलं. झरोक्यातनं येणारा खकाणा, शिंकणारी घरं. जिन्यावर उभी राहून एका पोरीनं हे सगळं सांगितलं होतं, आणि तिच्या मैत्रिणीला बटाटेवड्याची घाई झाली होती.

"आणि ज्याचा इलेक्ट्रॉन गेला, त्याचं काय होतं?" मी विचारलं.

"तो अडकतो. आता त्याच्यावर भार आला ना. सुटलेल्याच्या जागी तो घिरट्या घालायला लागतो."

"किती वर्षं?"

जुईनं माझ्याकडं बघितलं. आणि मग मी तिला सगळं सांगितलं. ट्रे, आईची आण, कट्टा, अंगठी, पत्रा, निपाणीचा स्टँड. आयुष्यात पहिल्यांदा. टिचकीचंसुद्धा सांगितलं. ती हसली नाही, डोळ्यांत पाणीबिणी आणलं नाही. म्हणाली, "आज्जी, रडायच्या आधी मोजायला नको का?"

माझ्या ट्रंकेत शाळेतलं जुनं होकायंत्र होतं, एक लाल चुंबकही होता. जुईनं लाकडी चौरंग अंगणात नेला, कपाटाच्या आणि पंपाच्या लोखंडापासून लांब. होकायंत्र ठेवलं. मी अंगठी दिली. तिनं अंगठी काचेला टेकवली तेव्हा सुई जराशी हलली. वीतभर लांब नेली, हललीच नाही. हातभर लांब नेली. सुई देवासारखी स्वस्थ.

"कट्टा किती लांब होता?"

"हातभर. जरा जास्तच."

"मग ही नव्हे. अंतर दुप्पट केलं की चुंबकाचा जोर आठ पटीनं कमी होतो. तूच शिकवलंस मला."

मीच शिकवलं होतं. एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत होते, आणि एकदाही स्वतःला लावून बघितलं नव्हतं. माझ्या छातीवरनं काहीतरी उठलं. अंगठी नव्हती! मी नव्हते! म्हातारी अंगणात नाचायचीच बाकी होती. जुईनं मग स्वयंपाकघरातनं डब्याचं झाकण आणून पदरात धरायला लावलं आणि मला चौरंगाशी उभं केलं. विमलचा पत्रा म्हणून. सुई केसभर कापली. तीन-चार अंश नाहीत.

जुई गुडघ्यावर हात ठेवून सुईकडं बघत राहिली. त्यांच्याकडं म्हणे यानावर चढणारा स्क्रू न् स्क्रू असा तपासतात. मग तिनं अगदी सहज विचारलं,

"तुझा प्रयोग आधी संपला होता ना? मग तुझा चुंबक कुठं होता?"

पंचेचाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

नियम असा, की काम संपलं की चुंबक लाकडी पेटीत घालायचा आणि पेटी पलीकडच्या कपाटात ठेवायची. पण तिथवर जायचं तर परीक्षकांसमोरनं जावं लागलं असतं, आणि माझी मूठ पदराआड होती. मी काय केलं होतं? मला दगडाचा गारवा आठवला. डाव्या हातातली जड, लाल कांडी मी कट्ट्यावर ठेवली होती. विमलच्या बाजूला. आणि तिच्या शेजारी हात टेकून, लवकर संपवलंय बघा, म्हणून उभी राहिले होते.

जुईनं ट्रंकेतला लाल चुंबक आणून हातभर अंतरावर ठेवला. सुई वळली. तीन-चार अंश, त्या दिवशी विमलच्या काट्यात फरक पडत होता तेवढीच.

अंगठी फार सोयीची होती, हे मला त्या अंगणात कळलं. अंगठी आईची, आण आईची, साडेसाती शनीची. त्यात माझं होतं काय, तर थोडी गप्प बसण्याची चूक. चुंबक मात्र सगळा माझा. मिरवण्याच्या नादात आळसानं ठेवलेला.

मी आत आले. अंगठी ठेवायला वाटी काढली. वाटीत पडताना तिचा आवाज झाला, आणि त्या आवाजानं मला तो ट्रे आठवला. परीक्षा संपल्यावरचा. बसप्पा मामा म्हणत होते, "ज्याचं त्यानं न्या बघा." मी घड्याळ उचललं, आकडे वेचले, आणि आकड्यांखालचा तो पानाएवढा पत्रा बोटानं बाजूला सारला. बोटाला तंबाखूचा वास लागला होता. शिंक आली होती मला.

पत्रा ट्रेमध्ये होता. विमलनं तो आत जातानाच काढून ठेवला होता. तिच्या कमरेला काहीही नव्हतं.

म्हणजे तिनं चुंबक बघितला होता. बघणारच. काटा का चुकतोय हे शोधणारी विमल, हातभरावरची लाल कांडी तिला दिसली नसेल? घंटा झाल्यावर का असेना, दिसली असणार. आणि जिन्यापाशी ती माझ्याकडं न बघता खोटं बोलली. का? मला वाचवायला? की तक्रार केली असती तर बेळगुंदीच्या शकूचं ऐकलं असतं आणि निपाणीच्या विमलचं नाही, हे तिला आधीच ठाऊक होतं म्हणून? की माझ्याकडनं काही मागायचंच नव्हतं तिला, चूक कबूल करणंसुद्धा? स्टँडवर "ऱ्हाऊं दे गं आता" म्हणाली ती माया होती का तोरा? जे काही होतं ते माझ्याकडनं उचलून ती सरळ निघून गेली. मी राहिले घिरट्या घालत.

जुई दुसऱ्या दिवशी बेंगळूरला गेली. सकाळी नऊला मी चहाची भांडी विसळली, पेपर उघडला, आणि काचेवर टिचकी वाजली. मी या वेळी पेपर बाजूला ठेवला. जुन्या सवयीची चौकटीची वही काढली, मधे रेघ मारून दोन रकाने केले, जसे परीक्षेत करायचो. डावीकडं लिहिलं: पहिलं टोक. चुंबक माझा होता, विमल. कट्ट्यावर मीच ठेवला.

उजवीकडं लिहिलं: दुसरं टोक.

पेन टेकवलं. शकू असती तर तिनं लगेच भरलं असतं. विमलनं मला माफ केलं, असंच काहीतरी, एखादा अंश इकडंतिकडं करून, संशय येणार नाही असं. माझ्याही हाताला ती सवय अजून आहे. काचेवर पुन्हा टिच् झालं.

मी पेनाला टोपण घातलं. रकाना कोरा सोडला.